एक ताणा, आठ टॉवेल : हातमागावर स्वैपाकघराचे रंगीत टॉवेल

मागावर बसायला शिकायचंय, पहिल्यांदा काय विणू, असं बरेच जण विचारायलेत. आपल्या मराठवाड्यात माग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं थेट पैठणी येते नाहीतर हिमरूची शाल. माझं म्हणणं साधं आहे, आधी स्वैपाकघराचा टॉवेल विणा. रुंदीला लहान, सुताचं काम, चुकलं तरी वापरात येतो, आणि रंगाचं जेवढं शिक्षण टॉवेलवर होतं तेवढं दुसऱ्या कशावर होत नाही. मला पैठणच्या मामीनं असंच शिकवलं, रेशमाला सहा महिने हात लावू दिला नाही, सुती फडकीच विणून घेतली आणि आज वाटतं बरं केलं.

दुसरं कारण म्हणजे बाजारात मिळतात ते गुळगुळीत छापील टॉवेल पाणी पीतच नाहीत. त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असतं, ताट पुसलं की पाणी इकडचं तिकडं होतं नुसतं. घरच्या मागावरचा सुती टॉवेल दोन-चार धुण्यानंतर असा मऊ पडतो की हात पुसायला, ताटं पुसायला, दुरडीत भाकरीखाली घालायला, सगळ्याला तोच लागतो.

आधी शब्द सांगून टाकते, पुढं तेच येणारेत. उभे धागे तो ताणा, आडवे तो बाणा. ताण्याचा एकेक धागा ज्यातल्या एकेका डोळ्यातून जातो ती डोळ्यांची चौकट म्हणजे वही, पुढं ज्या दातांमधून जातो ती फणी. फणी ज्या लाकडी चौकटीत बसते आणि जिनं आपण बाणा ठोकतो तो हात्या. बाणा वाहून नेतो तो धोटा, धोट्यात बसते ती कांडी, आणि पायाखाली पावड्या. साध्या विणीला दोन वही पुरतात. माग कुठलाही चालेल, खड्ड्याचा असो की फ्रेमचा, फक्त फणीवर २० इंच रुंदी मिळाली पाहिजे.

आता सूत. सुताचा काऊंट म्हणजे काय तर एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लड्या बसतात तो आकडा, म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. टॉवेलला मी २/२० वापरते, म्हणजे २० काऊंटचे दोन धागे एकत्र पीळ दिलेले. हे सूत किलोला साधारण १७ हजार मीटर भरतं. दुपदरी असल्यामुळं त्याला खळ लावायची गरज पडत नाही. एकेरी सूत घेतलं तर मात्र खळ द्यावीच लागते, नाहीतर फणीत घासून घासून धाग्याला लव सुटते आणि तुटतो, आणि नवीन माणसानं त्या भानगडीत पडू नये. मर्सराईज केलेलं चकचकीत सूत पण घेऊ नका, दिसायला छान असतं पण टॉवेलला साधं बिनचमक सूतच जास्त पाणी पितं. कापूस आपल्या रानातला, 'नांदेड ४४' वाण तर आपल्याच नांदेडच्या संशोधन केंद्रातून निघालं आणि एका पिढीनं घरोघरी लावलं, पण सूत घ्यायचं तर मला दरवेळी सोलापूर नाहीतर इचलकरंजीहून मागवावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिशोब असा. इंचाला ३२ धागे धरा. फणी ३२ नंबरची घ्या, म्हणजे दोन इंचात ३२ घरं, आणि प्रत्येक घरात दोन धागे घाला की इंचाला बरोबर ३२ होतात. रुंदी २० इंच म्हणजे ६४० धागे, अधिक दोन्ही काठांना शेवटचे चार-चार धागे दुहेरी करायचे म्हणून ८ जास्तीचे, एकूण ६४८. एक टॉवेल मागावर ३२ इंच विणायचा, आठ टॉवेल म्हणजे २५६ इंच, साडेसहा मीटर. त्यात विणताना धागा वरखाली होऊन लांबी खातो ती, आणि शेवटी वहीमागं जे सूत विणताच येत नाही ते, असं सगळं धरून ८ मीटरचा ताणा करा. ताण्याला ३०० ग्रॅमच्या थोडं वर सूत लागतं, बाण्याला अडीचशेच्या आसपास. मी पाऊण किलो घेऊन ठेवते, सगळे रंग मिळून. आठ टॉवेलला पाऊण किलो सूत, बघा किती थोडक्यात होतं. आणि आठ का, दोन का नाही, तर ताणा लावायची मेहनत दोन टॉवेलला जेवढी तेवढीच आठला. वही-फणी भरायला दिवस जातो तो जातोच.

रंगाबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण टॉवेलचा जीव तिथंच आहे.

सगळ्यात पहिलं, सूत घरी आणलं की रंग जातो का बघा. मी एकदा एका दुकानातून लाल लडी आणली, दुकानदार म्हणाला पक्का रंग आहे, मी मान्य केलं, सहा टॉवेल विणले आणि पहिल्याच धुण्यात पांढरे पट्टे गुलाबी झाले. सहाच्या सहा. तीन आठवड्यांचं काम होतं ते, मला दोन दिवस मागाकडं बघवेना. तेव्हापासून नियम आहे, प्रत्येक रंगाचा वीतभर धागा घ्यायचा, पांढऱ्या ओल्या चिंधीत गुंडाळायचा, गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग चिंधी तशीच दाबून गरम इस्त्री फिरवायची. चिंधीवर डाग आला की ती लडी टॉवेलला नाही. लाल, काळा आणि गडद निळा या तिघांवर जास्त लक्ष ठेवा. विचारताना 'पक्का आहे का' असं विचारू नका, कुणीही हो म्हणतं, 'रिअॅक्टिव्ह आहे का व्हॅट आहे' असं विचारा, हे दोन पक्क्या रंगांचे प्रकार. डायरेक्ट रंगाचं सूत स्वस्त असतं आणि तेच जास्त जातं.

मी घेते ते रंग आपल्याच शिवारातले. हळदी, करडईच्या सुकत आलेल्या फुलाचा केशरी, राणी, मोरपंखी आणि पांढरट. पांढरट म्हणजे ब्लीच न केलेला सुताचा मूळ रंग, शाळूच्या दाण्यासारखा. पांढराशुभ्र घेतला तर बाकीचे रंग भडक वाटतात आणि चहाचा डाग पण लगेच दिसतो.

पट्ट्यांचा क्रम डावीकडून सांगते, तसाच करून बघा. मोरपंखी ४८, पांढरट १६, हळदी ९६, पांढरट १६, केशरी ६४, राणी ३२, मग मोकळं पांढरट २४०, मग राणी ३२, केशरी ३२, पांढरट १६ आणि शेवटी मोरपंखी ४८. झाले ६४०. काठाचे जास्तीचे आठ मोरपंखीच. मधलं पांढरट साडेसात इंच मोकळं सोडलंय ते मुद्दाम, सगळीकडं पट्टे भरले तर डोळा कुठं टेकत नाही. आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या नाहीत ते पण मुद्दामच, घडी घालून दांडीवर टाकला की प्रत्येक बाजूनं वेगळा दिसतो. सगळे आकडे १६ च्या पटीत आहेत, १६ म्हणजे अर्धा इंच, त्यामुळं मोजायला सोपं जातं.

ताणा काढायला भिंतीवर नाहीतर जाड फळीवर खुंट्या ठोका, दोन-दोन मीटरचे चार फेरे होतील अशा, म्हणजे एक जाणं ८ मीटर. एका टोकाला दोन खुंट्या जवळजवळ ठेवा आणि तिथं धागा जाताना एकीच्या वरून दुसरीच्या खालून, येताना उलट न्या. तिथं फुली पडते. ही फुली म्हणजे ताण्याचं हाडच आहे, कुठला धागा कुठल्यानंतर हे तिच्यावरूनच कळतं. खुंटीवरून ताणा काढायच्या आधी फुलीला चारी बाजूनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधा, मग मधे मधे पण दोन-तीन ठिकाणी घट्ट बांधा. रंग बदलायची गाठ नेहमी टोकाच्या खुंटीवरच, मधे कुठं गाठ आली तर ती वहीच्या डोळ्यात अडकते. आणि दर १६ धाग्यांना एक दोरा गुंतवून खूण करत चला. फोन वाजला, कुणी हाक मारली की आकडा डोक्यातून जातो, खूण असली की परत पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

धागा धरताना सगळीकडं सारखा ताण ठेवा. थकलात की हात ढिला पडतो आणि ते पुढं कापडात दिसतं, म्हणून अर्धा ताणा आज अर्धा उद्या असं न करता एका बैठकीत, एकाच माणसानं काढावा असं माझं मत आहे.

मागच्या बीमवर, म्हणजे मागच्या रुळावर, ताणा गुंडाळताना दोन माणसं लागतात. एक बीम फिरवणार, दुसरा पुढून ताणा खेचून धरणार. प्रत्येक फेऱ्याला मधे जाड कागद घालत चला, जुन्या कॅलेंडरची पानं चालतात, नाहीतर वरचे धागे खालच्या धाग्यांत रुततात आणि काही धागे ढिले काही ताठ असं होतं.

मग वही-फणी. पहिला धागा पहिल्या वहीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा परत पहिल्यात, असं ६४० डोळे, आणि काठाच्या चार-चार डोळ्यांत दोन-दोन धागे. मग फणीच्या एका घरात दोन डोळ्यांचे धागे. हे काम सकाळी उजेडात करा आणि दर इंचाला थांबून तपासा. एक धागा चुकीच्या डोळ्यात गेला तर आठ मीटरभर एक उभी रेघ दिसत राहते. इचलकरंजीकडं नुसतं वहिफणीचं काम करणारे वेगळे कामगार असतात, इतकं ते बारीक काम आहे, म्हणून आपल्याला वेळ लागला तर वाईट वाटून घेऊ नका.

पुढच्या रुळाला ताणा बांधताना इंच-इंचाचे झुपके करून बांधा, आणि सगळे बांधून झाले की तळहातानं थोपटून बघा. मी पहिल्यांदा सगळं बांधून लगेच धोटा हातात घेतला होता. मामी शेजारी गहू निवडत बसली होती, तिथूनच म्हणाली, "घाई कशाला करायलीस गं, आधी थोपटून बघ की." मी थोपटलं, मला काय सारखंच लागलं. मग ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, माझा तळहात धरून डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवला आणि एका जागी थांबली. तिथं हात अर्ध्या बोटानं खाली गेला. एकच झुपका ढिला होता. तो सोडून परत बांधला, मग सगळा ताणा दिमडीसारखा एकसारखा लागला. तेव्हापासून मी हे डोळ्यानं बघतच नाही, हातानंच बघते.

विणायला सुरुवात करताना आधी दोन इंच कुठलंही जाड सूत नाहीतर साडीच्या चिंधीच्या पट्ट्या घालून विणा, झुपक्यांमुळं पडलेल्या फटी त्यात भरून निघतात. मग टॉवेल. पहिले दीड इंच दुमडायचे असतात, तिथं बाणा बारीक घ्या, २/४० चा असला तर उत्तम, म्हणजे शिवण जाड होत नाही. शेवटचे दीड इंच पण तसेच.

पावडी दाबा, धोटा टाका, पावडी बदला, हात्या ठोका. यात शिकायची गोष्ट एकच, बाणा सरळ ओढून घेऊ नका. धोटा पलीकडं गेला की धागा मधे डोंगरासारखा उंच राहू द्या आणि मग ठोका. आडवा धागा उभ्यांच्या वरखाली जातो, त्याला लांबी जास्त लागते, ती दिली नाही तर तो काठांना आत खेचतो आणि २० इंचाचा टॉवेल बघता बघता १७ इंचावर येतो, मग काठाचे धागे फणीत घासून तुटायला लागतात. काठ तुटायला लागले की सुताला दोष देण्याआधी रुंदी मोजा.

इंचाला २८ बाणे येऊ द्या. ३२ इंचाला साधारण नऊशे वेळा धोटा टाकावा लागतो, नवीन हाताला एक टॉवेल म्हणजे अख्खी दुपार. जोरात ठोकू नका. घट्ट कापड मजबूत असतं हे खरं पण टॉवेलला पाणी प्यायला धाग्याधाग्यात जागा पाहिजे. मागावर उजेडासमोर धरलं की बारीक बारीक भोकं दिसली पाहिजेत, धुतल्यावर ती भरून येतात. लांबी मोजायला कापडाच्या काठाला एक मापाची कातरण टाचणीनं टोचून ठेवा, कारण रुळावर गुंडाळत गेलं की किती झालं ते दिसत नाही. तीन-चार इंच विणून झालं की ताणा पुढं घ्या. एक टॉवेल संपला की दोन बाणे उठून दिसेल अशा रंगाचे टाका, तिथं कात्री चालवायची.

आता ज्यासाठी एवढा ताणा मांडला ते. ताण्यात रंग एकदाच घातले, आता प्रत्येक टॉवेलला फक्त बाणा बदला आणि आठ टॉवेल आठ प्रकारचे होतात. पहिला पूर्ण पांढरट बाण्याचा विणा, म्हणजे पट्टे कसे दिसतात ते कळेल. दुसऱ्याला हळदी. हळदी बाणा राणी पट्ट्यावरून गेला की तिथं लांबून केशरी दिसतं, पांढरटावर लोण्यासारखा पिवळा. तिसऱ्याला राणी, आणि तिथं मोरपंखी पट्टे जांभळट होतात, हा माझा सगळ्यात आवडता. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन जी धूपछाव येते ना, तेच आहे हे, फक्त सुतात. चौथ्याला चौकडा करा, ताण्यात जो क्रम आहे तोच बाण्यात, ४८ मोरपंखी, १६ पांढरट असा. पाचव्याला पांढरट बाणा आणि दोन्ही टोकांना चार-चार बोटं रंगीत पट्टे. सहाव्याला एक आड एक, दोन धोटे घेऊन, एक बाणा हळदी एक मोरपंखी. बाकी दोन तुमच्या मनानं, तोवर हात बसलेला असतो.

एक सांगते, अख्खा टॉवेल नुसत्या मोरपंखी बाण्याचा विणू नका, तो केशरी पट्ट्यावरून जातो. दोन्ही रंग सुटे सुंदर आहेत पण एकमेकांत विणले की लांबून मातकट दिसतात. शंका असली की आधी दोन इंच विणून दहा पावलं मागं जाऊन बघा. जवळून सगळेच रंग चांगले दिसतात.

धागा तुटला तर घाबरायचं नाही. तशाच रंगाचा हातभर धागा घ्या, मागं तुटलेल्या टोकाला गाठ मारा, वहीच्या त्याच डोळ्यातून आणि फणीच्या त्याच घरातून पुढं आणा, कापडात टाचणी टोचून तिच्याभोवती आठाच्या आकड्यात गुंडाळा आणि विणत राहा. टोकं धुतल्यावर कापायची, आधी नाही.

आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये धागे तुटायचं प्रमाण एकदम वाढतं. परभणीला पारा ४२-४३ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि सुती धाग्याला थोडी ओल नसली की तो ठिसूळ होतो. जुने विणकर खड्ड्याच्या मागावर बसायचे त्याचा एक फायदा हाच होता, ताणा जमिनीजवळ आणि जमिनीची ओल त्याला मिळायची. फ्रेमचा माग असेल तर खाली फरशीवर ओली पोती अंथरा, ताण्यावर थेट पाणी मारू नका. उन्हाळ्यात मी पहाटे पाच ते नऊ एवढंच विणते, दुपारी माग झाकून ठेवते. बाण्याच्या कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर बाणा पण छान बसतो. पावसाळ्यात हा त्रासच नसतो.

चार वही असतील तर ट्विल पण विणता येतं, तिरपी रेघ येते आणि टॉवेल जास्त लवचिक होतो, पण मग इंचाला ३६ ते ४० धागे लागतात, फणी बदलावी लागते. तो हिशोब वेगळा, पहिला ताणा साध्या विणीचाच करा.

आठही टॉवेल झाले की मागावरून उतरवा पण लगेच सुटे कापू नका. दोन्ही टोकांना मशीनवर एक शिवण मारा आणि सगळा तागा एकत्र धुवा. कोरं कापड पाणी घेत नाही, थेंब टाकला तर वर तसाच राहतो, कारण कापसातच मेण असतं आणि सूत काढताना लागलेलं तेलवंगण पण असतं. कडक गरम पाण्यात साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, चोळा, दोन पाण्यातून काढा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा थर राहतो, शेवटचं पाणी साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं घ्या. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नको, त्यानं पाणी पिणं परत कमी होतं. वाळल्यावर परत थेंब टाकून बघा, लगेच आत गेला पाहिजे, नाही गेला तर अजून एकदा धुवा.

धुतल्यावर कापड आकसतं, रुंदी १७-१८ इंचावर येते. मग खुणेच्या दोन बाण्यांमधून कापा, कडा दोनदा दुमडून शिवा. दुमडून झाल्यावर लांबी साधारण २६ इंच राहते. एका कोपऱ्यात काठाच्याच कापडाची छोटी नाडी घालायला विसरू नका, खिळ्याला अडकवायला लागते.

आणि मागावरून कापड कापताना एक करा. सगळा ताणा ओढून काढू नका. फणीच्या पुढं आणि वहीच्या मागं वीत-वीत धागे राहतील असं कापा आणि दोन्हीकडं झुपके बांधून ठेवा. पुढचा ताणा काढला की त्याचा एकेक धागा या जुन्या टोकांना सांधायचा आणि हळूच पुढं ओढून घ्यायचा. पैठणीवाले याला सांधणी म्हणतात. गाठी बारीक मारा, ओढताना फणीपाशी अडकतायत का बघत राहा, म्हणजे परत ६४० डोळे भरायला नकोत.